जोडरस्ता

मेराक नदीवरचा पूल बांधून झाला त्याला तीन पावसाळे उलटले होते आणि अजून त्याच्यावरून एक चाक फिरलं नव्हतं. पुलात खोट काढायला जागा नव्हती. निळे-पांढरे कठडे, दिव्यांसाठी खांब, मधोमध उद्घाटनाची संगमरवरी पाटी. फक्त दोन्ही टोकांना रस्ता नव्हता. पूल अलीकडे पुरुषभर उंचीवर हवेतच सुरू व्हायचा आणि पलीकडे तितक्याच उंचीवर हवेतच संपायचा. उद्घाटनाला पाहुणे बांबूच्या शिडीवरून वर चढले, फीत कापली, टाळ्या वाजवल्या आणि त्याच शिडीवरून खाली उतरले. शिडी राजधानीहून, दिलीहून, आणली होती. ती परत गेली.

हातुमेराचे लोक पुलाखालून नदी ओलांडायचे. "सावली तर मिळते," असं गावचा मुखिया लिबोरियो म्हणायचा. ते त्याला म्हणावंच लागायचं, कारण पाटीवर ज्याचं नाव कोरलं होतं तो उपमंत्री झेफेरिनो त्याचा सख्खा थोरला भाऊ होता.

आज त्या दोघांच्या आईचं वर्ष भरलं होतं. आज काळं उतरवायचं होतं. वर्षभर या घरात नाच नाही, गाणं नाही, लग्न नाही. बायकांच्या अंगावर काळे कपडे, पुरुषांच्या सदऱ्याला टाचलेली काळी पट्टी. आज चर्चमध्ये प्रार्थना, मग दफनभूमी, मग जेवण. आणि शेवटी आईच्या माहेरचा माणूस, म्हणजे काइतानो मामा, तिन्ही मुलांचं काळं आपल्या हाताने उतरवणार, की घर मोकळं. ढोलवाले सकाळपासूनच अंगणात ताडी पीत तयारीत बसले होते.

थोरली बहीण इदालिना ओसरीत मका आणि भोपळ्याचं भगुणं ढवळत होती. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आयुष्य गेलेलं, लग्न केलेलं नाही, आईचं सगळं तिनेच केलेलं. लिबोरियोची मुलगी झेनिता धावत आली.

"आत्या, काका आले! नदीवर आलेत!"

"पुलावरून येतोय का?" इदालिनाने भगुण्यातून मान वर न करता विचारलं.

"काय आत्या!"

"नाही, विचारलं आपलं. एवढा बांधलाय."

पण ती बघायला उठलीच. पलीकडच्या काठावर तीन चकचकीत गाड्या उभ्या होत्या. डोंगरात पाऊस झाला होता, नदी मांडीभर होती. चार माणसं खांद्यावर खुर्ची घेऊन पाण्यातून येत होती. खुर्चीत झेफेरिनो, मांडीवर बूट. मागे त्याची बायको ओलिंडा स्कर्ट खोचून, सपाता हातात घेऊन आपली आपण चालत होती. आणि सगळ्यांच्या पुढे, उलट्या पावली, खांद्यावर कॅमेरा घेतलेला टीव्हीवाला. उपमंत्री आईचं काळं उतरवायला गावी जातात, हे देशाने बघायला हवं होतं. निवडणूक जवळ आली होती.

इदालिनाच्या हातातला डाव थांबला. वेताची ती खुर्ची तिच्या ओळखीची होती. डावा हात मोडलेला, लाल तारेने बांधलेला.

वर्षापूर्वी आईला छातीत कळ आली तेव्हा इदालिनाने रुग्णवाहिका बोलावली होती. पूल नव्हता तेव्हा रुग्णवाहिका सरळ नदीत घुसायची आणि दारात यायची. त्या दिवशी ती पलीकडे थांबली. दिवा गरगरत होता, चालक फोनवर सांगत होता, "बाई, आमच्या नकाशावर इथे पूल आहे. पूल असेल तिथे गाडी पाण्यात घालायची परवानगी नाही. तुम्ही पुलावरून आणा ना."

मग आईला या खुर्चीत बसवून पाण्यातून नेलं. पुलाखाली आल्यावर म्हातारीने मान वर केली, कठड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रंग बरा दिलाय गं." पलीकडचा काठ यायच्या आधीच ती गेली.

"त्याला त्या खुर्चीत कुणी बसवलं?" इदालिनाने विचारलं.

"बाबांनीच पाठवली. घाईत दुसरी सापडली नाही," झेनिता म्हणाली. मग तिलाही कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

इदालिनाने डाव भगुण्यात ठेवला. "बरं झालं," ती म्हणाली. "मी आज काळं उतरवणार होते."

*

जेवणाच्या पंगतीत झेफेरिनो मामांच्या शेजारी बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाईट माणूस व्हायला वेळच मिळाला नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बैठका असायच्या. दफनभूमीत आईच्या क्रूसापुढे तो खरोखर रडला होता, आणि टीव्हीवाल्याने ते दोनदा चित्रित केलं यात त्याचा दोष नव्हता. ज्या थोरल्या बहिणीला तो माना म्हणायचा तिची मात्र त्याला लहानपणापासून धास्ती होती. अक्षरं तिनेच शिकवली होती, कान धरून.

"उपमंत्रीसाहेबांना मांस वाढा," इदालिना म्हणाली. "दमून आलेत. खुर्ची आरामशीर होती ना?"

"हो, माना. लिबोरियोने छान सोय केली."

"करणारच. सराव आहे त्याला. आईला त्याच खुर्चीतून नेलं होतं."

झेफेरिनोच्या हातातला घास खाली आला. त्याने लिबोरियोकडे पाहिलं. लिबोरियो मिरचीच्या ठेच्यात काहीतरी शोधत होता.

"मला माहीत नव्हतं, माना. आईशप्पथ."

"तुला कसं माहीत असणार? तू त्या दिवशी परदेशात होतास. पुलांच्या परिषदेला."

पंगतीत कोणीतरी खोकल्याच्या आवाजात हसलं.

"तुझं खातं तरी कुठलं रे आता?" काइतानो मामांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारत विचारलं. मामा ऐंशीच्या घरातले. परक्यांच्या राज्यात डोंगरात लपून लढलेले, दोन बोटं तिथेच ठेवून आलेले.

"खात्याचं नाव बदललंय, मामा."

"परत?"

"आता जास्त व्यापक आहे."

"म्हणजे कामं कमी असतील."

"माना, एकदा नीट समजून घे," झेफेरिनो आवाज खाली आणून म्हणाला. "पूल एका खात्याकडे येतो. रस्ता दुसऱ्या खात्याकडे. मधला जो भराव आहे, जोडरस्ता, तो..."

"तो कुणाचा?"

"त्याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे."

"आई कुठल्या खात्यात वारली मग? अलीकडे वारली असती तर पुलाच्या. पलीकडे पोचून वारली असती तर रस्त्याच्या. बिचारी नेमकी मधे गेली. पत्रव्यवहारात."

"माना!" लिबोरियो कळवळून म्हणाला. "आजच्या दिवशी नको ना."

"मग कधी? तुझ्या भावाच्या भेटीसाठी अर्ज केला होता मी. चार महिन्यांनी उत्तर आलं, अर्जावर शिक्का नाही म्हणून."

तिने शांतपणे पुढच्या पानावर भात वाढला. झेफेरिनोला वाटलं, चला, बोलून मोकळी झाली, आता निवळेल. माणूस बरीच वर्षं सत्तेत राहिला की बोलणं संपलं म्हणजे प्रश्न संपला असं त्याला वाटायला लागतं.

*

जेवणं झाल्यावर मामा अंगणात उभे राहिले. तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. टीव्हीवाल्याने उन्हाचा अंदाज घेऊन झेफेरिनोला थोडं डावीकडे सरकवलं. मामांनी आधी थोरलीच्या खांद्यावरच्या काळ्या शालीला हात घातला. इदालिना एक पाऊल मागे सरली.

"माझं राहू दे, मामा."

सगळ्यांना ठाऊक होतं, काळं उतरतं ते सगळ्यांचं एकदम. एकाचं राहिलं तर कुणाचंच उतरत नाही. ढोलवाल्यांनी ढोल पायाशी ठेवले. झेनिताची होणारी सासू पाहुण्यांत बसली होती. तिने शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, "मग आमच्या लग्नाचं काय?"

लिबोरियोच्या कानशिलात रक्त चढलं. लग्न एकदा पुढे ढकललं होतं. सोयरे पलीकडच्या काठावरचे, मानी. वराकडून यायचे रेडे ठरले होते, मंडप सांगितला होता. आणि दुसरीही गोष्ट होती, जी तो स्वतःशीही मोठ्याने बोलत नसे. तो मुखिया होता तो झेफेरिनोमुळे. शाळेवर पत्रा आला तो झेफेरिनोमुळे. या घराचा दिवा झेफेरिनोच्या तारेवर लागलेला होता आणि ही बाई भर अंगणात तार कापायला निघाली होती.

"तुझं काय जातंय, माना?" तो ओरडला. "तुला ना लग्न, ना मुलं. तुला काळं शोभतं! माझ्या पोरीचा संसार अडवून तुला काय मिळणार?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. इदालिनाने शाल घट्ट ओढून घेतली. बोलली ती झेनिता.

"बाबा, माझं नाव मधे घेऊ नका."

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी ना? मग सांगा. लग्न झाल्यावर मी पलीकडे राहायला जाणार. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं असतं. मला कुठल्या खुर्चीतून आणणार तुम्ही? तीच, की नवी घ्याल?"

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी सावकाश मान हलवली आणि शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी बोलायला तिखट आहे. पण खोटं काय बोलली?" इतका वेळ त्या लिबोरियोच्या बाजूला होत्या.

मामांनी तोबरा थुंकला.

"चटई आणा," ते म्हणाले.

झेफेरिनोने घड्याळाकडे पाहिलं. भांडणं मिटवायची गावाची ही रीत राज्यं येण्याआधीची होती. चटई अंथरायची, दोन्ही बाजूंनी तिच्यावर बसायचं, आणि खरं बाहेर आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. या रीतीवर त्याने स्वतः एका परिषदेत भाषण दिलं होतं. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

"मामा, मला संध्याकाळी दिलीत बैठक आहे."

"ही पण बैठकच आहे. बस."

उपमंत्री बसला. समोर इदालिना. बाजूला लिबोरियो. ओलिंडाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती येऊन चटईच्या कडेला बसली.

"हं," मामा म्हणाले. "पूल आहे, वाट नाही. चूक कुणाची?"

"मामा, ही कुणा एकाची चूक नाही. व्यवस्थेचा प्रश्न आहे."

"बोलवा तिला."

"कुणाला?"

"व्यवस्थेला. कुठल्या घराण्यातली आहे? चटईवर येऊन बसू दे, दंडाचं डुक्कर देऊ दे, मिटलं. नाही येत? मग जो आलाय त्याने बोलावं."

"आम्ही समिती नेमली होती," झेफेरिनो घाईने म्हणाला. "पाहणी समिती. तज्ज्ञ होते त्यात."

"काय म्हणाली समिती?"

झेफेरिनो घुटमळला. "समितीला नदी ओलांडता आली नाही."

या वेळी हसणं कुणी खोकल्यात लपवलं नाही. ढोलवाला तर ढोलावर डोकं टेकवून हसत होता. इदालिना मात्र हसली नाही.

"झेफे," ती म्हणाली. घरातलं हे नाव तिने वर्षभर घेतलं नव्हतं. "मला खातं नको, समिती नको. मला एवढंच सांग. तू त्या शिडीवरून वर चढलास. वर जाऊन दोन्हीकडे बघितलं असशील ना? काय दिसलं तुला?"

झेफेरिनोने रुमाल काढला. "त्या वेळी मला असं सांगण्यात आलं होतं की काम..."

"माऊन," लिबोरियोच्या तोंडून निघून गेलं. थोरल्या भावाला अशी हाक मारूनही त्याच्याकडे न बघता तो चटईच्या विणीकडे बघत होता. "मी... म्हणजे, फोन केला होता ना मी तुला." एवढं बोलून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

"कधी?" मामांनी विचारलं.

"उद्घाटनाच्या आदल्या रात्री," ओलिंडा म्हणाली. "मी शेजारीच बसले होते."

झेफेरिनोने बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात ती त्याच्या शेजारी बसली होती. सभांत, मेजवान्यांत, मंचावर. तिला ऐकू येतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सांग ना, झेफे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "घरी गेल्यावर मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे."

एक कोंबडी चटईच्या कडेवरून चालत गेली. कुणी हाकलली नाही.

"मला माहीत होतं," झेफेरिनो म्हणाला.

त्याने रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"लिबोरियोने सांगितलं, भराव नाही, भरावाचा ठेकासुद्धा दिलेला नाही. मी म्हटलं, मतदान तोंडावर आहे. आता फीत कापू, रस्ता मागाहून करू. मतदान झालं. मग मी विसरलो." तो थांबला. "नाही. विसरलो नाही. पण उद्घाटन झालं म्हणजे कागदोपत्री पूल पूर्ण झाला. पूर्ण झालेल्या पुलाला रस्ता मागायला गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, फीत कुणी कापली? म्हणून मी मागितलाच नाही. समितीसुद्धा मीच नेमली. ती पावसाळ्यात पाठवली." त्याने बहिणीकडे पाहिलं. "आई पहिल्या रांगेत बसली होती, माना. टाळ्या वाजवत होती. मला वरून दिसत होती."

मग टीव्हीवाल्याने घसा खाकरला.

"साहेब, हे थेट चाललंय. तुम्हीच म्हणाला होतात, सगळं थेट दाखव."

*

इदालिनाने हा क्षण वर्षभर मनात रंगवला होता. तिच्या मनातल्या दृश्यात ती ओरडायची, भाऊ पाया पडायचा आणि छातीवरचा दगड उतरायचा. प्रत्यक्षात समोर एक पोट सुटलेला, घामाघूम झालेला माणूस रुमालाच्या घड्या करत बसला होता. दगड होता तिथेच होता. फक्त आता तो कशाचा आहे हे तिला कळलं होतं, आणि त्यानेही थोडं बरं वाटतं हे तिला नवीन होतं.

तिने आपणहून शाल काढून मामांच्या हातात दिली.

"माफ केलं असं समजू नकोस," ती झेफेरिनोला म्हणाली. "विचारलं त्याचं उत्तर दिलंस. इतकंच."

"आणि तू," ती लिबोरियोकडे वळली.

"माना, मी जे बोललो ते..."

"काळं मला शोभत नाही. मला हिरवा शोभतो. लग्नात हिरवं कापड घे माझ्यासाठी, भारीतलं."

मामांनी दोघा भावांच्या पट्ट्यांच्या टाचण्या काढल्या. ढोल वाजले. झेनिताने आत्याचा हात धरून तिला नाचायला ओढलं आणि सासूबाई न बोलावताच मागोमाग उठल्या.

सरकारचं काम रेंगाळतं असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी बघायला हवं होतं. ऊन उतरायच्या आत फोन आला. मंत्रिमंडळाने उपमंत्र्यांना पदमुक्त केलं होतं. थोड्या वेळात सगळ्या मोबाइलवर प्रवक्ते दिसू लागले. जबाबदारी निश्चित झाली आहे, असं ते गंभीरपणे म्हणाले. दोषी व्यक्तीवर कारवाई झाल्यामुळे मेराक पुलाचा प्रश्न कायमचा निकालात निघाला आहे.

"लागला निकाल," मामा म्हणाले. "आता रस्ता मागाल तर कृतघ्न ठराल."

पलीकडच्या काठावर तीन गाड्यांचे दिवे लागले, गाड्या वळल्या आणि निघून गेल्या. चालकाने निदान ओलिंडाची पिशवी दगडावर काढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेफेरिनो नदीवर गेला. मोबाइलला नीट रेंज तिथेच, पुलाखाली, यायची. इदालिना भांडी घासायला आली होती. त्याने नंबर लावला आणि पाण्याच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तो पाठ होता, आपल्याच कार्यालयाचा. फोन बेनविंदाने उचलला. ही त्याची स्वीय सहायक, त्यानेच नेमलेली.

"मेराक पुलाच्या जोडरस्त्याबद्दल बोलायचं होतं."

"आपण कोण?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. "हातुमेराचा रहिवासी."

आवाज तिने ओळखला नसेल असं शक्यच नव्हतं.

"आमच्या नोंदीप्रमाणे तो पूल पूर्ण आहे," बेनविंदा म्हणाली.

"बाई, मी त्या पुलाखालीच उभा आहे."

"तक्रार असेल तर दिलीला येऊन लेखी द्यावी लागेल. स्वतः. फोनवर घेत नाहीत." आणि मग, थोडं हळू, "आजच या. उद्यापासून नवे साहेब दौऱ्यावर आहेत."

फोन बंद झाला. झेफेरिनो हातातल्या फोनकडे बघत राहिला. इदालिनाने सगळं ऐकलं होतं. तिने घासलेली भांडी दगडावर पालथी घातली, हात धुतले आणि स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचला.

"आज म्हणजे आजच," ती म्हणाली. "चल. बस पलीकडून सुटते."

"माना, असे? या कपड्यांत?"

"रहिवासी असेच जातात."

ती पाण्यात उतरली. झेफेरिनोने एकदा मागे वळून घराकडे पाहिलं, मग बूट काढले, एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले आणि तिच्या मागे निघाला. पाणी बर्फासारखं होतं. तळाचे दगड किती निसरडे असतात हे तो साफ विसरून गेला होता. चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला, तेव्हा बहिणीने न बघताच मागे हात केला.